शोधनिबंध वाचायला पैसे, छापायलाही पैसे: हा व्यवहार चालतो तरी कसा?

माझी भाची वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करते. गेल्या पावसाळ्यात ती प्रकल्पासाठी हळदीच्या कंदकुजीवर वाचत होती. एका रात्री साडेदहाला लॅपटॉप तसाच उघडा घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, हे बघ गं. सारांश दिसतोय आणि खाली हे आलंय."

खाली चौकट होती. पूर्ण शोधनिबंध हवा असेल तर ३९.९५ डॉलर भरा. निबंध अकरा पानांचा. रुपयांत जवळपास साडेतीन हजार, म्हणजे तिच्या मेसचा महिन्याचा खर्च. मी तिला लेखकांची नावं पाहायला सांगितली. लेखक भारतातलेच निघाले, एका सरकारी कृषी संशोधन केंद्रातले. निधीही सरकारी. भाची क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "हळद आपली, शेत आपलं, पगार आपल्या करातून. मग हे डॉलर कुणाला द्यायचे?"

मी बावीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, म्हणून हा लेख. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची, सरकारी संस्थांसाठी शोधपत्रिकांची वर्गणी एकत्र भरणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाल्यापासून "आता सगळं फुकट झालं ना?" असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच. तसं झालेलं नाही.

डेअरीचं उदाहरण

संशोधक काही नवं शोधतो तेव्हा ते शोधनिबंधाच्या रूपात शोधपत्रिकेत छापतो. ही पद्धत जुनी आहे. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं, ते आजही निघतं. काळाच्या ओघात एक नियम पक्का होत गेला: छापण्याआधी त्या विषयातले दोन-तीन जाणकार निबंध वाचून चुका दाखवतात, आणि मगच तो छापायचा की नाही हे ठरतं. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. मी पुढे नुसतं 'परीक्षण' म्हणेन.

आता पैशांचं बघा. निबंध लिहिणाऱ्याला शोधपत्रिका मानधन देत नाही. परीक्षण करणारेही जवळजवळ सगळीकडे फुकट काम करतात. समजा, गावात एक डेअरी आहे. शेतकरी तिथे दूध घालतो, त्याचे पैसे मिळत नाहीत. फॅट तपासायला दुसरे शेतकरी येतात, तेही बिनपैशाने. मग डेअरी तेच दूध पिशवीत भरते आणि त्याच गावाला विकते, भाव डेअरी ठरवते. गायीच्या चाऱ्याचा खर्चही गावानेच वर्गणी काढून केलेला असतो.

अशा डेअरीला किती सुटत असेल? एल्सव्हिअर ही जगातली सर्वांत मोठ्या प्रकाशकांपैकी एक कंपनी, आणि तिचा मालक समूह म्हणजे रेलेक्स. या समूहाच्या विज्ञान-वैद्यक विभागाची २०२३ सालची उलाढाल होती सुमारे ३०६ कोटी पौंड, आणि त्यावरचा नफा सुमारे ११६ कोटी पौंड. शंभर रुपयांत अडतीस. किराणा दुकानदाराला हा आकडा सांगितला तर तो दोनदा विचारेल.

प्रकाशक काहीच करत नाहीत असं मला म्हणायचं नाही. परीक्षकांचा पाठपुरावा करायचा, वाङ्मयचौर्य तपासायचं, मजकूर मांडायचा, साइट चोवीस तास चालू ठेवायची, पन्नास वर्षांनीही निबंध सापडेल अशी व्यवस्था करायची, हे खरं काम आहे आणि त्याला पैसे लागतात. वाद आहे तो किती लागतात याचा.

कागद गेला, मग किंमत का नाही उतरली?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे. छपाई, बांधणी, टपाल, सगळं गेलं. एक प्रत दहा जणांनी उतरवली काय आणि दहा लाखांनी काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. मग?

टोमॅटो महागले तर आपण आमटीत चिंच वाढवतो. शोधनिबंधाला असा पर्याय नसतो. हळदीच्या त्या बुरशीवरचा तो निबंध जगात एकच आहे. त्याऐवजी मिरचीवरचा स्वस्त निबंध वाचून चालत नाही. त्यात वाचणारा वेगळा आणि बिल भरणारा वेगळा: प्राध्यापक मागणी नोंदवतात, पैसे ग्रंथालय भरतं. मागणाऱ्याला किंमत कळतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हे गणित ज्यांनी सर्वांत आधी ओळखलं त्यांत ब्रिटिश प्रकाशक रॉबर्ट मॅक्सवेल हे नाव मोठं. त्यांनी उभी केलेली पर्गमॉन प्रेस १९९१ साली एल्सव्हिअरने ४४ कोटी पौंडांना घेतली.

डिजिटल तंत्र आल्यावर खरं तर हे मोडायला हवं होतं. झालं उलटं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून प्रकाशकांनी सुट्या पत्रिकांऐवजी गठ्ठा विकायला सुरुवात केली. केबलवाल्याच्या पॅकेजसारखं. तुम्हाला बघायचे चार चॅनल, पण घ्यावे लागतात दीडशे. चार सुटे घेतो म्हटलं तर तेवढेच पैसे पडतात.

आणखी एक बदल झाला, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या ग्रंथालयात मागच्या बाजूला लोखंडी घोड्यांवर शोधपत्रिकांचे बांधीव खंड आहेत. लाल रेक्झिन, कण्यावर सोनेरी अक्षरांत वर्ष. १९७० च्या दशकात घेतलेला खंड आज कुणीही काढून वाचू शकतं, कारण तो आम्ही विकत घेतला होता. डिजिटल वर्गणीत बहुतेक वेळा आपण पत्रिका विकत घेत नाही, भाड्याने घेतो. भाडं थांबलं की कुलूप. काही करारांत जुने अंक वाचायची सोय राहते, काहींत तीही राहत नाही. कागद जाताना मालकीही घेऊन गेला.

हे ओझं फक्त गरीब देशांना झेपत नाही असंही नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालय सल्लागार समितीने २०१२ साली जाहीर सांगितलं की, शोधपत्रिकांवरचा वर्षाचा साडेसदतीस लाख डॉलरचा खर्च यापुढे पेलवणारा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ साली एल्सव्हिअरशी करार तोडला आणि दोन वर्षांनी स्वतःला पटणाऱ्या अटींवर नवा केला.

भौतिकशास्त्रज्ञांनी काढलेली वाट

१९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथे पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एक साधी सोय केली. परीक्षण व्हायच्या आधीच निबंध एका संगणकावर ठेवायचा, ज्याला हवा त्याने घ्यावा. पुढे तिचं नाव 'आर्काइव्ह' झालं आणि ती कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली. अशा परीक्षणाआधीच्या प्रतीला प्रीप्रिंट म्हणतात. आज गणितातला किंवा भौतिकशास्त्रातला विद्यार्थी सकाळी आधी आर्काइव्ह उघडतो. जीवशास्त्रासाठी २०१३ आणि वैद्यकासाठी २०१९ साली अशाच सोयी सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी कोविड आला आणि प्रीप्रिंट हा शब्द रोजच्या बातम्यांत शिरला.

"पण न तपासलेलं वाचणं धोक्याचं नाही का?"

धोका आहेच. २०२० च्या जानेवारीअखेरीस दिल्लीतल्या काही संशोधकांनी कोरोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असल्याचं सांगणारा प्रीप्रिंट ठेवला. तो जगभर पसरला आणि त्यातून नाही नाही त्या कथा निघाल्या. पण पुढचंही सांगायला हवं. इतर संशोधकांनी उघडपणे चुका दाखवल्या आणि लेखकांनी दोन-तीन दिवसांत तो मागे घेतला.

दुसरीकडे त्याच वर्षी मे महिन्यात 'लॅन्सेट' या नामांकित पत्रिकेत, रीतसर परीक्षण होऊन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक निबंध छापून आला. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. त्यामागची रुग्णांची माहिती खरी आहे याची खात्रीच देता येईना, आणि जूनमध्ये निबंध मागे घ्यावा लागला. शिक्का असला म्हणजे चूक नसतेच असं नाही. प्रीप्रिंट वाचताना 'हे अजून तपासलेलं नाही' एवढं मनाशी धरून वाचावं. वैद्यकातला असेल तर त्यावरून औषध घेऊ नये.

बिल वाचकाकडून लेखकाकडे

२००१ च्या डिसेंबरमध्ये बुडापेस्टमध्ये जमलेल्या काही संशोधकांनी आणि ग्रंथपालांनी २००२ साली एक जाहीरनामा काढला: संशोधन इंटरनेटवर सगळ्यांना मोफत वाचता आलं पाहिजे. यालाच ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. त्यासाठी एक मार्ग असा की लेखकाने स्वतःची प्रत संस्थेच्या साठ्यात खुली ठेवायची. दुसरा असा की पत्रिकाच खुली करायची, आणि खर्च अनुदानातून किंवा लेखकाकडून भागवायचा.

या दुसऱ्या मार्गात प्रकाशकांना धंदा दिसला. लेखकाकडून घेतल्या जाणाऱ्या या शुल्काला एपीसी म्हणतात. 'नेचर' या पत्रिकेने २०२१ पासून निबंध खुला करण्याचं शुल्क ९,५०० युरो ठेवलं, तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांच्या वर. सगळीकडे इतकं नसतं, पण दीड-दोन हजार डॉलर ही अगदी सर्रास दिसणारी रक्कम. आपल्याकडच्या कित्येक विद्यापीठांत प्राध्यापकाला प्रकल्पासाठीसुद्धा एवढे पैसे मिळत नाहीत.

डेअरीच्या भाषेत सांगायचं तर आता दूध पिणाऱ्याला फुकट, आणि घालणाऱ्याने वर पैसे द्यायचे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचंच दूध गावात पोचणार. पूर्वी आपला संशोधक वाचू शकत नव्हता, आता वाचू शकतो पण स्वतःचं छापू शकत नाही. काही पत्रिका गरीब देशांना सूट देतात, पण भारत त्या यादीत अनेकदा बसत नाही.

यात दडलेला दुसरा दोष जास्त घातक आहे. वर्गणीवर चालणाऱ्या पत्रिकेला निकस निबंध घेऊन काही मिळत नाही. एपीसीवर चालणाऱ्या पत्रिकेला प्रत्येक स्वीकारलेल्या निबंधामागे पैसे मिळतात. जितकं दूध जास्त तितकी कमाई, मग फॅटचं यंत्र कोण नीट बघणार? वायली या कंपनीने २०२१ साली हिंदावी ही ओपन अ‍ॅक्सेस प्रकाशन संस्था जवळपास ३० कोटी डॉलरना घेतली. पैसे घेऊन बनावट निबंध तयार करून देणाऱ्या टोळ्या तिच्या पत्रिकांत शिरल्याचं उघड झालं आणि २०२३ या एका वर्षात तिथले आठ हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले. शेवटी वायलीने हिंदावी हे नावच बंद करायचं ठरवलं.

दोन दिवसांत परीक्षण, सोबत प्रमाणपत्र

आता आपल्याकडचं. काही वर्षांपूर्वी एक तरुण सहायक प्राध्यापक माझ्या टेबलाशी आले. मोबाइलवर ईमेल दाखवली. 'आंतरराष्ट्रीय' पत्रिका, दोन दिवसांत परीक्षण, चार दिवसांत प्रकाशन, शुल्क १,५०० रुपये, सोबत रंगीत प्रमाणपत्र. "मॅडम, भरू का? कॅससाठी एक निबंध कमी पडतोय." कॅस म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना. मी त्यांना संपादक मंडळातली नावं एकेक करून शोधायला लावली. एक प्राध्यापक तर वारलेले होते. त्यांनी पैसे भरले नाहीत. पण पदोन्नती तेवढ्यासाठी लांबली, आणि ते मला अजून टोचतं. प्रामाणिक राहायची किंमत त्यांनी एकट्याने मोजली.

अशा लुबाडणाऱ्या पत्रिकांचं पीक भारतात का आलं? नियमांमुळे. पदोन्नतीला निबंधांचे गुण, पीएचडी सादर करायला छापलेला निबंध सक्तीचा. मागणी तयार झाली, पुरवठा आपोआप आला. पीएचडीसाठीची सक्ती २०२२ साली गेली, पण तोवर एक पिढी त्यातून गेली होती.

यावर पुण्यात झालेलं काम लक्षात ठेवण्यासारखं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त पत्रिकांच्या यादीचीच छाननी केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या ज्या पत्रिका त्यांनी तपासल्या, त्यांतल्या ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट ठरू शकतात, असं २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी मांडलं. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पुढे यूजीसी-केअर ही नवी यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातून चालायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही यादी बंद करून पत्रिकेची पारख करायची जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली. माझ्या मते यादी असणं सदोष होतं, पण नसणं तालुक्याच्या महाविद्यालयाला जास्त जड जाणार. पारख करायला वेळ, माणसं आणि हिंमत लागते. तिन्ही गोष्टी तिथे तुटपुंज्या आहेत.

"सरकारने वर्गणी भरली, मग प्रश्न मिटला ना?"

वन नेशन वन सबस्क्रिप्शनचे आकडे आधी पाहू. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण अकराशे रुपये. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हे सगळं सांभाळतं.

योजना चांगली आहे, असं मी मनापासून म्हणते. ज्या सरकारी महाविद्यालयात कालपर्यंत एकही परदेशी पत्रिका येत नव्हती तिथला मुलगा आज आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचू शकतो. ही लहान गोष्ट नाही.

पण दोन गोष्टी बोचतात. एक, पहिला टप्पा सरकारी संस्थांचा. माझी भाची शिकते ते महाविद्यालय विनाअनुदानित, म्हणून तिच्यासाठी ती चौकट तशीच आहे. खेड्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त शिक्षक, पत्रकार, सगळेच बाहेर. दुसरी, हेही भाडंच आहे. २०२७ नंतर पुन्हा वाटाघाटी, आणि वापराची सवय लागलेल्या भाडेकरूला घरमालक काय भाव सांगतो हे आपण जाणतो. याच योजनेत खुल्या पत्रिकांत छापण्यासाठी लेखकांना वर्षाला १५० कोटींच्या मदतीचीही तरतूद आहे. म्हणजे वाचायचे पैसेही आपण देणार आणि छापायचेही.

युरोप-अमेरिकेने वेगळा जोर लावला आहे. निधी देणाऱ्यानेच अट घालायची: आमच्या पैशाने झालेलं संशोधन खुलं असलंच पाहिजे. युरोपातल्या अनेक निधीसंस्थांनी २०१८ साली 'प्लॅन एस' जाहीर केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ जुलै २०२५ पासून अट घातली की, स्वीकारलेल्या निबंधाची प्रत प्रकाशनाच्या दिवसापासूनच सर्वांना वाचायला मिळावी. आपल्याकडे वर्गणीबरोबर अशी कडक अटही हवी होती.

"चोरून उतरवून घेतलं तर कुणाचं काय जातं?"

२०११ साली कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियान यांनी साय-हब सुरू केलं. कोट्यवधी निबंध, कुलूप नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये तीन मोठे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने भारतात ती साइट बंद करण्याचा आदेश दिला. निबंध छापताना लेखक बहुतेक वेळा हक्क प्रकाशकाच्या नावावर करून देतो, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने मालक प्रकाशकच. ग्रंथपाल म्हणून मी कुणाला तिकडे पाठवणार नाही. पण अकरा पानांना साडेतीन हजार मागितल्यावर विद्यार्थी कुठे जातील, हे किंमत ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

परळमध्ये झालेला प्रयोग

"मग पैसे न घेता चांगली पत्रिका चालणार कशी?" याचं उत्तर मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयाची आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाची 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' ही पत्रिका १९५५ पासून निघते. डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत सुरू केलेल्या मेडनो या प्रकाशन संस्थेने ती आणि तिच्यासारख्या अनेक भारतीय वैद्यकीय पत्रिका इंटरनेटवर खुल्या केल्या. वाचकाकडून पैसे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत, छापील अंकाची वर्गणी आणि जाहिरातींवर खर्च भागवायचा. सगळ्यांना भीती होती की फुकट वाचायला मिळालं तर छापील अंक कोण घेणार. प्रत्यक्षात जगभरातून वाचक आले, परदेशातून निबंध येऊ लागले आणि जुन्या निबंधांचेही दाखले दिले जाऊ लागले. २०११ साली वोल्टर्स क्लुवर या मोठ्या कंपनीने मेडनो विकत घेतली. अशी संस्था देशातच, सार्वजनिक पैशाने टिकवता आली असती, असं मला आजही वाटतं.

हा एकटा प्रयोग नव्हे. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं सायेलो अनेक देशांच्या पत्रिका सार्वजनिक निधीतून खुल्या ठेवतं. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या पत्रिका तिच्या साइटवर कुणालाही वाचता येतात.

मग सगळे तिकडेच का जात नाहीत?

कारण विकलं जातं ते नाव. पत्रिकेच्या आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांचे एका वर्षात इतर निबंधांत सरासरी किती दाखले दिले गेले, या आकड्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीत निबंध कुणी वाचत नाही, पत्रिकेचं नाव आणि हा आकडा पाहिला जातो. छपाई स्वस्त झाली, पण नाव महागच राहिलं. ज्या दिवशी निवड समिती निबंध उघडून वाचू लागेल त्या दिवशी प्रकाशकाच्या हातातला हुकमाचा पत्ता जाईल. संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३ सालीच हे सांगितलं. 'ईलाइफ' या पत्रिकेने २०२३ पासून परीक्षणानंतर स्वीकार-नकार हा प्रकारच बंद केला. परीक्षकांचं मत निबंधासोबतच छापायचं, ठरवू दे वाचकाला. पुढच्याच वर्षी तिचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला.

एआयमुळे यात नवा गिऱ्हाईक आला आहे. टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशन संस्थेच्या मालक कंपनीने २०२४ साली मायक्रोसॉफ्टला मजकूर वापरू देण्याचा करार केला, सुरुवातीची रक्कम एक कोटी डॉलर. लेखकांना हे बातमीतून कळलं.

तुमच्यासमोर चौकट आली तर

पैसे भरायच्या आधी निबंधाचं शीर्षक गूगल स्कॉलरमध्ये टाका आणि त्याखालच्या इतर प्रतींवर क्लिक करा. ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवून घ्या, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. भारतातले पीएचडी प्रबंध शोधगंगावर मोफत आहेत, आणि निबंधातलं बरंचसं प्रबंधात सापडतं. यातलं काहीच जमलं नाही तर लेखकाला थेट लिहा. वाचू इच्छिणाऱ्याला एखादी प्रत पाठवायला बहुतेक लेखकांना काही अडचण नसते, आनंदच होतो.

भाचीने त्या रात्री तेच केलं. पत्ता सारांशाखालीच होता. चार ओळी लिहिल्या, मी एक शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि तिने पाठवून दिलं. सकाळी चहाच्या वेळी उत्तर आलेलं होतं. निबंध होताच, शिवाय निबंधात जागेअभावी न घेतलेले कुजलेल्या कंदांचे सहा फोटो होते, आणि खाली एक प्रश्न: तुमच्याकडे पिकाला पाणी पाटाने देतात की ठिबकने?